प्लास्टिकवरचा रंग साच्यातच पक्का करावा लागतो

नाशिक जिल्ह्याचे नाव घेतले की लोकांना द्राक्षे, कांदा आणि मालेगावचे यंत्रमाग आठवतात. परंतु गेल्या काही दशकांत या जिल्ह्यात आणखी एक धंदा शांतपणे वाढला आहे. तो म्हणजे प्लास्टिक मोल्डिंगचा. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, तसेच सिन्नरच्या बाजूला, दोन-चार मशीन टाकून मोठ्या कारखान्यांसाठी जॉबवर्क करणारे अनेक छोटे उद्योजक आहेत. सातपूरला महिंद्राचा मोटारींचा कारखाना आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर गोंदे येथे सॅमसोनाइटच्या बॅगा बनतात. व्हीआयपीच्या बॅगांनीही नाशिक आणि सिन्नरच्या कामगारांना अनेक वर्षे रोजी दिली आहे. मोटार असो की बॅग, आज तिच्यात पत्र्याइतकेच महत्त्व प्लास्टिकला आहे.

या धंद्यात आमच्या समाजातील तरुणही आले आहेत. कुणी आयटीआय करून मशीनवर उभा आहे, कुणी वडिलांचे माग विकून स्वतःचे मशीन घेतले आहे. मालेगावात टाकाऊ प्लास्टिकपासून दाणा आणि पाइप बनवण्याचे काम तर आपल्या बांधवांनी आधीपासूनच हाती घेतलेले आहे. म्हणून या पानावर आज आम्ही अशा एका प्रश्नाविषयी लिहीत आहोत, ज्याने या छोट्या उद्योजकांचे कंबरडे मोडते आणि ज्याची चर्चा फारशी होत नाही. प्रश्न साधा आहे. प्लास्टिकवर लावलेला रंग, छापलेले अक्षर किंवा चिकटवलेले कापड काही दिवसांत सुटून का येते?

आम्ही कापडाचे व्यापारी. वाचक विचारतील की कापडवाल्याचा या विषयाशी काय संबंध? संबंध दोन प्रकारे आहे. एक तर बॅगेच्या आतले अस्तर आणि मोटारीच्या खांबावर चढवलेले कापड हे आमच्याच बाजारातून जाते. आणि दुसरे म्हणजे जो प्रश्न आज मोल्डरला छळतो आहे, तोच प्रश्न रंगाऱ्याला आणि छिप्याला शेकडो वर्षे छळत आला आहे. कापडाच्या धंद्याने त्याचे उत्तर केव्हाच शोधलेले आहे.

कोऱ्या कापडाचा धडा

मागावरून उतरलेले कोरे सुती कापड पाण्यात टाकून पाहा. ते लगेच भिजत नाही, थोडा वेळ वरच तरंगते. कारण कापसाच्या तंतूवर निसर्गाने मेणाचा पातळ थर दिलेला असतो आणि त्यावर सायझिंगची कांजी चढलेली असते. असे कापड तसेच रंगात टाकले तर रंग डागाडागाने बसतो आणि पहिल्या धुण्यात निघतो. म्हणून आधी कांजी काढतात, मग कॉस्टिक सोड्यात उकळून मेण काढतात आणि त्यानंतरच रंगाचे नाव घेतात. मंजिष्ठेसारख्या जुन्या रंगांसाठी तर त्याच्याही आधी तुरटीचे पाणी द्यावे लागे. तुरटी स्वतः रंग देत नाही, ती रंगाला तंतूवर धरून ठेवते. जुना कारागीर रंगापेक्षा कापडाच्या तयारीवर जास्त वेळ देत असे, याचे कारण हेच होय.

आता पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याकडे पाहू. गोण्या, दोऱ्या आणि गालिचे ज्याचे बनतात तोच हा धागा. त्याला कितीही उकळा, तुरटी द्या, तो रंग घेतच नाही. कारण रंगाचा कण जिथे पकड घेईल अशी जागाच त्याच्यात नाही. मग बाजारात रंगीत पॉलिप्रॉपिलीन सूत येते कुठून? प्लास्टिक वितळलेले असतानाच त्यात रंगाचा मास्टरबॅच मिसळतात आणि मग धागा ओढतात. जे नंतर देता येत नाही ते धाग्याच्या जन्माआधीच द्यावे लागते. या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे त्याचे सार एवढेच आहे.

रंग का सुटतो?

मोल्डिंगच्या धंद्यात सर्वांत जास्त खपणाऱ्या प्लास्टिकमध्ये पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही दोन भावंडे येतात. जर्मनीचे कार्ल झिग्लर यांनी १९५३ मध्ये कमी दाबाखाली पॉलिएथिलीन बनवण्याची रीत शोधली आणि १९५४ मध्ये इटलीचे ज्युलिओ नाट्टा यांनी त्याच वाटेने पॉलिप्रॉपिलीन तयार केले. दोघांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे प्लास्टिक स्वस्त, हलके आणि मजबूत आहे. आम्ल, पाणी, साबण यांचा त्याच्यावर सहसा परिणाम होत नाही. परंतु हाच गुण रंगाच्या वेळी दोष ठरतो. ज्याला कशाचाच स्पर्श लागत नाही, त्याला रंग तरी कसा लागणार?

शास्त्रज्ञ हे पृष्ठभागाच्या ऊर्जेने मोजतात आणि त्याचे माप डाइन प्रति सेंटिमीटर असे सांगतात. पाण्याचा आकडा सुमारे ७२ आहे. पॉलिप्रॉपिलीनचा सुमारे ३० आणि पॉलिएथिलीनचा ३१ च्या आसपास. पीव्हीसीचा ३९ पर्यंत आणि नायलॉनचा ४० च्या वर जातो. स्वयंपाकघरातल्या टेफ्लॉनच्या तव्याचा आकडा २० च्या आत-बाहेर असतो, म्हणून त्यावर धिरडे चिकटत नाही. छपाई किंवा रंगासाठी पृष्ठभागाचा आकडा साधारण ३८ किंवा त्याहून अधिक असावा, असा या धंद्यातील रिवाज आहे. याचा अर्थ, पॉलिप्रॉपिलीनचा तुकडा जसा साच्यातून निघतो तसाच रंगवायला घेतला तर पहिल्याच पायरीवर आठ-दहा अंकांची तूट असते.

याशिवाय आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पृष्ठभागावरचा परका थर. पिशव्यांच्या फिल्मच्या दाण्यात घसरणीसाठी मेणासारखा पदार्थ घातलेला असतो. तो आतून हळूहळू वर येतो. तुकडा आज स्वच्छ दिसतो आणि चार दिवसांनी त्यावर न दिसणारा चिकट थर जमलेला असतो. दुसरा परका थर कारखान्यातच चढतो, तो सिलिकॉनच्या स्प्रेचा. तुकडा साच्यात अडकू लागला की ऑपरेटर हातातला डबा उचलतो आणि साच्यावर फवारा मारतो. तुकडा सटासट सुटू लागतो, पाळीचा आकडा पुरा होतो. परंतु तेच सिलिकॉन तुकड्यावर बसते आणि पुढे रंगही तितक्याच सटासट सुटतो.

अंबडमधील आमच्या परिचयाचा एक तरुण मोल्डर मध्यंतरी हताश होऊन आमच्या दुकानी आला होता. त्याने रंगवून दिलेल्या मालाचा मोठा भाग परत आला होता. "चाचा, तीन वेळा रंगाची कंपनी बदलली, तरी पापडी निघतेच," असे तो सांगत होता. रात्रपाळीत सिलिकॉनचे किती डबे संपतात, एवढेच आम्ही त्याला विचारले. त्याने जाऊन हिशोब काढला तेव्हा दोष रंगात नसून साच्याजवळ आहे, हे त्याचे त्यालाच कळले.

हिशोब काय सांगतो?

हा विषय केवळ शास्त्राचा नाही, तो पोटाचा आहे. समजा एका तुकड्याचा मोल्डिंगचा दर ८ रुपये आहे आणि त्यात मोल्डरचा नफा १ रुपया. त्यावर रंगाचा खर्च १५ रुपये. १००० तुकड्यांवर नफा झाला १००० रुपये. त्यातले १०० तुकडे रंग सुटल्यामुळे परत आले, तर मोठा कारखाना प्रत्येकी २३ रुपये धरून २३०० रुपयांची डेबिट नोट पाठवतो. म्हणजे हजार तुकडे बनवून मोल्डरच्या खिशातून उलट १३०० रुपये गेले. शिवाय रंग चढलेला तुकडा दळून चांगल्या दाण्यात मिसळता येत नाही. तो भंगारातच जातो.

आणि दंड नेहमी शेवटच्या माणसाला बसतो. कारखाना रंगवाल्याला विचारतो, रंगवाला मोल्डरकडे बोट दाखवतो, मोल्डर दाण्याच्या व्यापाऱ्याकडे. दाण्याच्या व्यापाऱ्याने तर पैसे आधीच घेतलेले असतात. यात जो सर्वांत लहान, त्याचाच हप्ता थकतो.

साच्याबाहेरचे उपाय

सध्या बहुतेक ठिकाणी तुकडा तयार झाल्यावर त्याचा पृष्ठभाग सुधारला जातो. त्यावर गॅसची निळी ज्योत झरकन फिरवतात. फिल्म असेल तर उच्च दाबाच्या विजेची कोरोना प्रक्रिया देतात. मोठ्या ठिकाणी प्लाझ्मा वापरतात. या तिन्हींमुळे पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट तयार होतात आणि रंगाला पकड मिळते. मोटारीच्या बंपरवर क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा प्रायमर मारतात. तो प्लास्टिक आणि रंग यांच्यामध्ये तुरटीचे काम करतो.

हे उपाय चांगले आहेत, परंतु प्रत्येकासाठी वेगळे यंत्र, वेगळा माणूस आणि वेगळी जागा लागते. शिवाय कोरोनाचा परिणाम दिवसांगणिक उतरत जातो. आज तयार केलेला माल महिनाभर गोदामात पडला तर पुन्हा पहिल्यासारखा होऊ लागतो. ज्याच्याकडे दोनच मशीन आहेत त्याला हे परवडत नाही. म्हणून जगभर आता विचार असा चालला आहे की पृष्ठभागाची तयारी साच्यातच का करू नये? तिथे उष्णता आहे, दाब आहे आणि प्लास्टिक वितळलेल्या अवस्थेत आहे.

साच्यातले उपाय

पहिला उपाय दाण्यातला. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेला खास दाणा थोड्या प्रमाणात मिसळतात. त्यामुळे ज्या प्लास्टिकमध्ये पकडीची जागा नव्हती तिथे ती निर्माण होते. बंपरच्या मालात रबर मिसळलेले असते. ते मार लागल्यावर तुटू नये म्हणून तर असतेच, पण पृष्ठभागाजवळचे हे रबर प्रायमरलाही आत शिरायला वाट देते.

दुसरा उपाय साच्याच्या भिंतीवरचा. ज्या ठिकाणी गोंद किंवा रंग लागणार आहे, साच्याच्या तेवढ्याच भागावर एका योग्य पदार्थाचा अगदी पातळ थर देतात. वितळलेले प्लास्टिक त्यावर येऊन आदळले की तो थर साच्याला सोडून प्लास्टिकच्या अंगात रुततो. तुकडा बाहेर येतो तेव्हा त्याची तेवढी जागा गोंदासाठी तयार असते आणि बाकीचा भाग जसाच्या तसा राहतो. फायबरग्लासच्या शीटपासून मोटारीचे भाग दाबून बनवणाऱ्यांनी तर याच्याही पुढची पायरी गाठली. तुकडा साच्यात असतानाच त्यावर रंगाचा अस्तर-थर सोडून पुन्हा दाब देण्याची पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात आली.

तिसरा उपाय सर्वांच्या घरात आहे, पण कुणाचे लक्ष जात नाही. रंगाच्या बादलीवरचे किंवा आइस्क्रीमच्या डब्यावरचे चित्र नखाने काढून पाहा. अनेक डब्यांवर ते निघत नाही. तिथे गोंद वापरलेलाच नाही. पॉलिप्रॉपिलीनचे छापील लेबल आधी साच्यात ठेवले आणि मागून पॉलिप्रॉपिलीनच सोडले. दोघे एकाच जातीचे असल्यामुळे वितळून एकजीव झाले. दात घासण्याच्या ब्रशची मऊ मूठही अशीच कडक दांड्यावर दुसऱ्या शॉटमध्ये चढवतात. मात्र येथे जात जुळावी लागते. पॉलिप्रॉपिलीनवर पक्के बसणारे मऊ रबरी प्लास्टिक नायलॉनवर बसेलच असे नाही. त्यासाठी वेगळा ग्रेड घ्यावा लागतो.

चौथा उपाय बाटल्यांचा. पॉलिएथिलीनची बाटली फुगवताना हवेऐवजी थोडा फ्लोरिन मिसळलेला नायट्रोजन सोडतात. त्यामुळे आतला पृष्ठभाग बदलतो आणि कीटकनाशकातील द्रावण भिंतीतून झिरपत नाही. फ्लोरिन हा अत्यंत घातक वायू आहे. त्यामुळे हे काम मोठ्या आणि सुसज्ज कारखान्याचेच आहे. छोट्या उद्योजकाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

कापडवाल्यांसाठी संधी

पाचवा उपाय आमच्या बांधवांनी विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण तो कापडाचा आहे. मोटारीच्या आतल्या खांबावर किंवा दरवाजाच्या पॅनेलवर कापड गोंदाने चिकटवण्याऐवजी ते थेट साच्यात ठेवतात आणि मागून कमी दाबाने वितळलेले पॉलिप्रॉपिलीन सोडतात. प्लास्टिक कापडाच्या पाठीच्या तंतूंमध्ये शिरते आणि थंड झाल्यावर तंतूंना मुठीत धरते. इथे पृष्ठभागाच्या ऊर्जेचा फारसा प्रश्नच उरत नाही, कारण पकड गुंतण्याची आहे. गोंद नाही, गोंदाचा वास नाही, सुकायला लागणारा वेळ नाही.

परंतु यासाठी कोणतेही कापड चालत नाही. पहिली अट, ते ताणले गेले पाहिजे, म्हणून विणलेल्या सरळ कापडापेक्षा निटेड कापड बरे. दुसरी अट, ते उष्णता सोसणारे असावे. पॉलिप्रॉपिलीन साच्यात २०० अंश सेल्सिअसच्या वर वितळलेले येते. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळते, म्हणून ते टिकते. पॉलिप्रॉपिलीनचेच कापड मात्र १६० च्या पुढे वितळू लागते. तिसरी अट, कापडाच्या पाठीला नॉनवोव्हनचा थर हवा. त्यामुळे वितळलेले प्लास्टिक पाठीत अडकते, दर्शनी बाजूला पाझरत नाही. चौथी अट, गाडीत बसणारे कापड असल्यामुळे ते आगीच्या चाचणीत उतरले पाहिजे.

मालेगावच्या मागावर निघणारे साधे कापड या अटींत बसत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पण ज्याच्याकडे निटिंगची ओळख आहे, सुरत-भिवंडीच्या बाजारात ये-जा आहे आणि नॉनवोव्हन पाठीला जोडून देण्याची सोय आहे, त्याच्यासाठी हा नवा दरवाजा आहे. मीटरमागे चार आण्यांची चढाओढ करण्यापेक्षा अटींत बसणारे कापड पुरवणारा व्यापारी अधिक दिवस टिकतो, असा आमचा अनुभव आहे. याच नात्याचे आणखी एक उदाहरण नाशिकलाच आहे. सातपूरला सिएटचा टायरचा कारखाना आहे. बहुतेक टायरच्या आत धाग्याचे पदर असतात आणि रबर नायलॉनच्या धाग्याला आपोआप चिकटत नाही. धाग्याला आधी रेसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड आणि लेटेक्सच्या द्रावणात बुडवून काढतात, मगच तो रबराशी सांधतो. ही युक्ती १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाली आणि आजही रस्त्यावरची वाहने तिच्या जोरावर धावतात. तिथेही तयारी आधी, जोडणी नंतर.

छोट्या मोल्डरने काय करावे?

यंत्रे विकत घेण्याआधी काही गोष्टी जवळजवळ फुकट करता येतात.

जो तुकडा रंगवायचा किंवा चिकटवायचा आहे, त्या मशीनजवळ सिलिकॉनचा डबा ठेवूच नये. तुकडा अडकत असेल तर साच्याचा उतार, पॉलिश आणि पाण्याची थंडाई तपासावी. रोग साच्याचा आहे, त्याला स्प्रेचे मलम लावू नये.

अशा कामासाठी दाणा वेगळा ठेवावा. रिसायकल दाणा वाईट नाही. त्यातून पाइप, बादल्या, कुंड्या उत्तम बनतात आणि हजारो घरांच्या चुली पेटतात. परंतु त्यात कुठल्या पिशवीचे मेण आणि कुठल्या डब्याचा रंग आला आहे, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून रंगाच्या तुकड्यात तो चोरून मिसळू नये. नवा दाणा घेतानाही त्यात घसरणीचा पदार्थ आहे काय, हे विचारून घ्यावे.

साच्याचे आणि वितळीचे तापमान, भरण्याचा वेग हे प्रत्येक पाळीत लिहून ठेवावे. तुकडा स्वच्छ हातमोजे घालूनच उचलावा. बोटांचे तेलसुद्धा रंगाला पुरेसे आहे.

तपासणी रोज करावी. तयार केलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकावा. तो मण्यासारखा गोळा राहिला तर तयारी अपुरी, पसरला तर ठीक. याहून नेमके हवे असेल तर डाइनचे पेन बाजारात मिळते. रंग वाळल्यावर धारदार पात्याने उभे सहा आणि आडवे सहा चरे मारावेत, त्यावर टेप दाबून झटक्यात ओढावी आणि किती चौकटी निघाल्या ते पाहावे. आयएसओ २४०९ या मानकात हीच रीत दिलेली आहे. त्यात ० म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे सर्वांत वाईट.

शेवटचे म्हणजे, ऑर्डर घेतानाच कागदावर लिहून घ्यावे की दाणा कोणाचा, पृष्ठभागाची तयारी कोणाची, चाचणी कोणती आणि ती कोणाच्या दारात होणार. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने दिलेली आहे, आणि आपलेच लोक तोंडी शब्दावर माल देऊन नंतर रडत बसतात.

शिक्षण घ्यावे

आपल्या तरुणांनी ही विद्या शिकून घ्यावी. १९६८ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथे मोल्डिंग आणि साचे यांचे रीतसर अभ्यासक्रम चालतात. मुंबईत माटुंग्याला १९३३ साली विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालेली आयसीटी आहे. तिथे कापडप्रक्रिया आणि पॉलिमर व पृष्ठभागांचे शास्त्र एकाच आवारात शिकवले जाते. कापडवाल्यांच्या मुलांनी तिचे नाव लक्षात ठेवावे. नाशिकमधील निमा आणि अंबडमधील आयमा या उद्योजकांच्या संघटनांत आपल्या लोकांनी सभासद होऊन बसले पाहिजे. दुकानाच्या गल्ल्यावर बसून नवी माहिती येत नाही.

बाजारातून जाताना पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढला होता, ही घटना आपणा सर्वांना ठाऊक आहे. वरून कोरडे दाखवून आत ओले विकणे ही फसवणूक ठरली. प्लास्टिकच्या धंद्यात हेच उलट्या बाजूने घडते. वरचा रंग चकचकीत दिसतो आणि त्याच्या खाली सिलिकॉन लपलेले असते. ग्राहकाला ते आज दिसत नाही, पण पहिल्या उन्हाळ्यात दिसते. ज्या तुकड्याची पकड साच्यातच पक्की केली आहे, तो विकताना मोल्डरची मान ताठ राहते आणि डेबिट नोटही येत नाही. हलाल रोजीत बरकत असते ती अशी. अल्लाह आपल्या तरुणांना हे हुनर शिकण्याची आणि ते ईमानदारीने वापरण्याची सद्बुद्धी देवो.